बँकेच्या ई-लिलावात फ्लॅटसाठी बोली कधी आणि कशी लावावी

थकीत कर्जापोटी बँकांनी जप्त केलेले फ्लॅट ई-लिलावात घेऊ पाहणारे बरेच जण लिलावाच्या दिवशी सकाळी खऱ्या अर्थाने कामाला लागतात. तोवर त्यांनी राखीव किंमत (ज्याखाली बँक विकत नाही ती किमान किंमत) पाहिलेली असते, इसारा रक्कम (बोलीत भाग घेण्यासाठी आधी भरायची अनामत) भरलेली असते आणि 'शेवटच्या मिनिटाला बोली टाकू' एवढेच ठरवलेले असते. मीही पहिल्या लिलावात हेच केले. घड्याळात ४० सेकंद उरले असताना बोलीचे बटण दाबले, तर लॉगिनची मुदत संपल्याचा संदेश पडद्यावर आला. ओटीपी येऊन पुन्हा आत जाईपर्यंत लिलाव बंद झाला होता आणि तो फ्लॅट माझ्या ठरलेल्या आकड्यापेक्षा दीड लाखाने कमी किमतीत दुसऱ्याला गेला होता. पुढे काही लिलाव स्वतःसाठी आणि काही ओळखीच्यांसाठी जवळून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली: बोलीचा निकाल मुख्यतः लिलावाआधीच्या महिन्यात लागतो, शेवटचा तास फक्त तो अमलात आणण्याचा असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. हा लेख २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांना न्यायालयात न जाता तारण विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याखाली, होणाऱ्या निवासी फ्लॅटच्या लिलावांपुरता आहे. शेतजमीन, कारखाने आणि दिवाळखोरी प्रक्रियेतील विक्री यांचे नियम वेगळे आहेत.

## टप्पा १ : जाहिरात तारखांसाठी वाचा

विक्रीची सूचना वर्तमानपत्रात येते, बँकेच्या संकेतस्थळावर येते आणि सरकारी बँकांच्या बाबतीत 'बँकनेट' या सामायिक पोर्टलवरही येते. खासगी बँका व वित्तसंस्था बहुधा खासगी लिलाव कंपन्यांची पोर्टले वापरतात, त्यामुळे कोणत्या पोर्टलवर नोंदणी करायची हे सूचनेतूनच ठरवावे. पहिल्या लिलावासाठी सूचना आणि विक्री यांत किमान ३० दिवसांचे अंतर लागते. पहिला लिलाव फसल्यास पुढच्या वेळी १५ दिवस पुरतात. तुमच्या हाती तयारीसाठी किती वेळ आहे, हे या एका फरकावर ठरते.

सूचनेतील पुढील बाबी एका कागदावर उतरवून घ्या: राखीव किंमत, इसारा रक्कम, बोली किमान किती रुपयांनी वाढवायची, इसारा भरण्याची शेवटची तारीख व वेळ, पाहणीची तारीख, लिलावाची वेळ, आपोआप मुदतवाढ किती मिनिटांची आहे आणि ताबा कोणत्या प्रकारचा आहे. सर्वांत जास्त चुका इसारा भरण्याच्या तारखेबाबत होतात. लिलाव गुरुवारी असला तरी इसारा आणि कागदपत्रांची मुदत मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी संपलेली असू शकते, आणि त्यानंतर आलेले पैसे कोणी स्वीकारत नाही.

इशारा: 'जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे' हे शब्द केवळ रीत म्हणून छापलेले नसतात. क्षेत्रफळ कमी निघाले, बांधकाम अनधिकृत निघाले किंवा सोसायटीची थकबाकी निघाली, तर बँक हेच शब्द तुमच्यापुढे ठेवते.

## टप्पा २ : फ्लॅट, सोसायटी आणि कागद तपासा

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण इथे सुटलेली गोष्ट पुढे पैशांनी भरावी लागते.

आधी ताबा पाहा. सूचनेत 'प्रत्यक्ष ताबा' लिहिले असेल, तर फ्लॅट बँकेच्या कुलपात आहे. 'सांकेतिक' किंवा 'प्रतीकात्मक ताबा' असेल, तर बँकेने दारावर फक्त नोटीस लावली आहे आणि आत कर्जदार किंवा त्याचा भाडेकरू राहत आहे. अशा वेळी प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आदेशासाठी कायद्यात ३० दिवस आणि कारणे नोंदवून एकूण ६० दिवस दिलेले आहेत, पण आदेशानंतर पोलीस बंदोबस्त मिळून कुलूप लागेपर्यंतचा काळ त्याहून बराच वाढू शकतो. म्हणून प्राधिकृत अधिकाऱ्याला, म्हणजे ही विक्री करणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याला, थेट विचारा: कलम १४ चा अर्ज केला आहे का, आदेश मिळाला आहे का, ताब्याची तारीख ठरली आहे का? उत्तर ई-मेलवर मागावे. तोंडी 'होऊन जाईल' या शब्दांवर एक रुपयाही लावू नये.

पाहणीच्या दिवशी बँकेचा माणूस सील काढून जेमतेम वीस मिनिटे दार उघडतो. एका फ्लॅटमध्ये मी गेलो तेव्हा दाराशी वर्तमानपत्रांची चळत ओलसर होऊन फुगली होती आणि दिवाणखान्याच्या छतावर परातीएवढा डाग होता. सोबतचा अधिकारी तो जुना आहे म्हणाला. मी बोट लावले तर प्लास्टर ओले लागले. वरच्या मजल्यावर चौकशी केल्यावर कळले की गळती दोन वर्षांची आहे आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून सोसायटीत वाद चालू आहे. ही माहिती कोणत्याही जाहिरातीत नव्हती. तेव्हा पाहणीला जाताना टॉर्च न्या, प्रत्येक नळ व बटण पाहा, फोटो काढा, मीटरचा क्रमांक टिपून घ्या, आणि त्यानंतर शेजाऱ्यांशी व रखवालदाराशी बोलल्याशिवाय परतू नका.

तिथूनच सोसायटीच्या कार्यालयात जा. सचिवांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या: देखभाल शुल्काची आजची थकबाकी व्याजासह किती, मोठ्या दुरुस्तीची किंवा पुनर्विकासाची वर्गणी ठरली आहे का, आणि भाग दाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावावर आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते, त्यामुळे चार-पाच वर्षे रखडलेली रक्कम ऐकून दचकायला होते. लेखी आकडा मिळाला नाही, तर सचिवांनी नोंदवहीत दाखवलेला आकडा तारखेसह लिहून ठेवा. त्याच दिवशी महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून मालमत्ता कराची थकबाकी पाहा. विजेची थकबाकीही सोडू नका. जुन्या ग्राहकाची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची अट वीज कंपन्यांना नियमांच्या आधारे घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

कागदपत्रांची तपासणी वकिलाकडून करून घ्या, परंतु काय तपासायचे हे तुम्हालाही माहीत असावे. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेतून त्या फ्लॅटची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) काढा आणि मालकी कर्जदारापर्यंत कशी आली, हे जुळवा. सर्साई या तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या नोंदवहीत तोच फ्लॅट दुसऱ्या बँकेकडेही गहाण आहे का, ते पाहा. कर्ज वसुली न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या नावाने दावा शोधा, कारण बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम १७ खाली ४५ दिवसांत तिथे दाद मागता येते आणि लिलावाच्या आदल्या दिवशीसुद्धा स्थगिती येऊ शकते. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर थकबाकी भरून फ्लॅट सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले आहे. त्यामुळे त्या बाजूची अनिश्चितता घटली, पण बँकेनेच नोटिशीत किंवा मुदतीत चूक केली असेल तर विक्री रद्द होण्याचा धोका उरतोच.

तपासा: भोगवटा प्रमाणपत्र आहे का? जाहिरातीतील क्षेत्रफळ मूळ करारातील चटई क्षेत्राशी (भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेशी) जुळते का? जाहिरातीत अनेकदा बिल्टअप क्षेत्र (भिंती धरून मोजलेले) छापलेले असते आणि भाव मात्र लोक चटई क्षेत्राचा लावतात.

## टप्पा ३ : कमाल आकडा काढा आणि लिहून ठेवा

राखीव किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे आणि ती 'स्वस्त' असल्याचा पुरावाही नव्हे. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष नोंदलेले दोन-तीन व्यवहार सूची क्रमांक दोनमधून काढा. जागा विकण्याच्या संकेतस्थळांवरचे आकडे मालकाच्या अपेक्षेचे असतात, ते धरू नका.

पुण्यातील एका दोन खोल्यांच्या फ्लॅटचे उदाहरण घेऊ. आकडे पद्धत समजण्यासाठी आहेत. राखीव किंमत ४५ लाख, बोलीवाढ २५ हजार, ताबा सांकेतिक आणि नोंदलेल्या व्यवहारांवरून बाजारभाव ७० लाख. आता वजाबाकी करा: सोसायटीची थकबाकी २ लाख ४० हजार, मालमत्ता कर ८५ हजार, वीज थकबाकी व जोडणी २५ हजार, दुरुस्ती साडेतीन लाख, वकील व किरकोळ खर्च ५० हजार. ताबा मिळायला एक वर्ष लागेल असे धरले, तर त्या काळात स्वतः राहत असलेल्या घराचे भाडे, दरमहा २२ हजारांप्रमाणे, २ लाख ६४ हजार. ही बेरीज १० लाख १४ हजार होते. याखेरीज न दिसलेल्या अडचणींसाठी मी बाजारभावाच्या दहा टक्के, म्हणजे येथे ७ लाख, बाजूला काढतो. ताबा प्रत्यक्ष असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर हे प्रमाण निम्म्यावर आणता येते. हा ज्याच्या त्याच्या धोका पत्करण्याच्या तयारीचा प्रश्न आहे, परंतु शून्यावर मात्र कधीच आणू नये. उरले ५२ लाख ८६ हजार.

मुद्रांक शुल्क या वजाबाकीत धरलेले नाही, कारण तोच फ्लॅट बाजारातून घेतला असता तरी ते लागलेच असते. मात्र हातातल्या रोख रकमेच्या हिशेबात ते धरायचे आहे. पुण्यात ७ टक्के दराने या किमतीवर सुमारे ३ लाख ७० हजार, अधिक नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा ३० हजार, असे चार लाख वेगळे लागतील. मुंबईत मुद्रांकाचा दर ६ टक्के आहे. मूल्यांकन बोलीच्या रकमेवर होणार की रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दरांच्या) किमतीवर, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विक्रीसूचना दाखवून आधीच विचारून घ्या.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. बोली २५ हजारांच्या टप्प्यांनीच चढते, म्हणून ५२ लाख ८६ हजार हा आकडा प्रत्यक्षात लावताच येत नाही. ४५ लाखांपासून २५-२५ हजारांनी चढत गेल्यास तुमची खरी शेवटची बोली ५२ लाख ७५ हजार ठरते. हा आकडा जाड अक्षरात कागदावर लिहा आणि घरातील ज्या व्यक्तीच्या संमतीने व्यवहार होणार आहे तिलाही त्यावर सही करायला सांगा. ही सही औपचारिक वाटेल, पण शेवटच्या दहा मिनिटांत 'अजून फक्त पंचवीस' असे म्हणणारा आवाज बहुधा घरातूनच येतो.

## टप्पा ४ : याच फेरीत उतरायचे की पुढच्या?

'बोली कधी लावावी' या प्रश्नाचा पहिला अर्थ तास-मिनिटांचा नसून फेरीचा आहे. बोलीदार मिळाला नाही, तर बँक पुढच्या फेरीत राखीव किंमत कमी करू शकते, आणि अनेकदा करतेही. त्याच फ्लॅटच्या आधीच्या सूचना शोधल्या, तर ही कितवी फेरी आहे आणि किंमत किती उतरत आली आहे ते कळते.

माझा नियम साधा आहे. राखीव किंमत तुमच्या कमाल आकड्याच्या वर असेल, तर थांबा आणि पुढच्या सूचनेवर लक्ष ठेवा. ती कमाल आकड्याच्या बरीच खाली असेल, फ्लॅट चांगला असेल आणि पाहणीच्या दिवशी आणखी चार-पाच कुटुंबे आलेली दिसली, तर पुढच्या फेरीची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ती फेरी येणारच नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत आलेला फ्लॅट मात्र स्वस्त दिसतो म्हणून धावू नका. तो आधी कोणी का घेतला नाही, याचे उत्तर टप्पा २ मध्ये सापडेपर्यंत इसारा भरू नये.

## टप्पा ५ : तीन मुदतींचे पैसे तयार ठेवा

इसारा रक्कम बहुधा राखीव किमतीच्या दहा टक्के असते, म्हणजे आपल्या उदाहरणात साडेचार लाख. लिलाव जिंकल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, इसारा धरून, बोलीच्या २५ टक्के भरावे लागतात. ५२ लाख ७५ हजारांवर ते १३ लाख १८ हजार ७५० होतात, म्हणजे एका दिवसात आणखी ८ लाख ६८ हजार ७५० रुपये. उरलेले ७५ टक्के, म्हणजे ३९ लाख ५६ हजार २५० रुपये, विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरायचे असतात. बँकेने लेखी मान्य केले तर मुदत वाढते, पण तीही जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंत. मुदतवाढ हा तुमचा हक्क नाही, हे लक्षात ठेवून पैशांची सोय करा.

गृहकर्जावर भिस्त असेल तर इसारा भरण्यापूर्वी कर्ज देणाऱ्या बँकेशी बोला आणि लिलावातील मालमत्तेसाठीच, तेही सांकेतिक ताब्यावर, कर्ज मंजूर होईल का ते लेखी घ्या. नेहमीच्या पूर्वमंजुरीच्या पत्रावर विसंबून लिलाव जिंकलेले आणि नंतर पंधरा दिवसांत कर्ज मिळाले नाही म्हणून हवालदिल झालेले कुटुंब मी पाहिले आहे. उरलेली रक्कम मुदतीत भरली नाही, तर भरलेले २५ टक्के जप्त होतात आणि ही जप्ती योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. आपल्या उदाहरणात हे नुकसान तेरा लाखांच्या वर जाते.

तपासा: नेट बँकिंगची दैनिक मर्यादा किती आहे? नवीन खाते जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवता येते का? मुदत ठेव मोडायची असेल तर ती लिलावाच्या आधीच मोडून ठेवा.

## टप्पा ६ : नोंदणी आणि इसारा

पोर्टलवर नोंदणी किमान आठवडाभर आधी करा, कारण पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा आणि बँक खाते यांची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो. ज्यांच्या नावाने बोली लागेल त्यांच्याच नावाने विक्री प्रमाणपत्र निघते. पती-पत्नी दोघांच्या नावे फ्लॅट हवा असेल, तर नोंदणी आणि बोलीचा अर्ज सुरुवातीपासून संयुक्त करा. 'नाव नंतर वाढवू' हे इथे चालत नाही.

इसारा फक्त सूचनेत किंवा पोर्टलवर दिलेल्या खात्यातच भरा, यूटीआर क्रमांक (बँकेने त्या हस्तांतराला दिलेला संदर्भ क्रमांक) जपून ठेवा आणि अर्ज अंतिमतः सादर झाल्याची पावती उघडून पाहा. पैसे गेले पण अर्ज 'मसुदा' म्हणून तसाच राहिला, ही वारंवार होणारी चूक आहे.

इशारा: 'साहेबांशी बोलणे झाले आहे, रक्कम माझ्या खात्यात टाका' असे सांगणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका. शंका आली, तर सूचनेतील अधिकाऱ्याच्या दूरध्वनीवर नव्हे, शाखेत प्रत्यक्ष जाऊन खात्री करा.

## टप्पा ७ : लिलावाच्या दिवशी

लिलावापूर्वी एक तास लॉगिन करा. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा, घरच्या वायफायखेरीज मोबाइलचे इंटरनेट तयार असावे आणि ज्या क्रमांकावर ओटीपी येतो तो फोन तुमच्याच हाताशी असावा. पोर्टलच्या मदत केंद्राचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. लिलाव अचानक रद्द किंवा तहकूब झाला आहे का, हेही याच वेळी पाहा.

आता वेळेचा प्रश्न. शेवटच्या क्षणी बोली टाकून इतरांना उत्तर देण्याची संधीच न देणे, ही युक्ती ठरलेल्या वेळी बंद होणाऱ्या लिलावात चालते. बँकांच्या लिलावात मात्र सर्वसाधारणपणे आपोआप मुदतवाढ असते: शेवटच्या पाच किंवा दहा मिनिटांत बोली आली की घड्याळ तितक्याच मिनिटांनी पुढे जाते, आणि नवी बोली येत राहील तोवर असेच चालते. म्हणजे तुम्ही दोन सेकंद आधी बोली टाकली तरी समोरच्याला पूर्ण वेळ मिळणारच. फायदा काही नाही, आणि इंटरनेट अडखळले तर माझा गेला तसा तुमचाही फ्लॅट हातचा जातो. अगदी सुरुवातीलाच भराभर बोली चढवण्यातही हित नाही. त्याने किंमत वाढते आणि हौशी बोलीदार ईर्षेला पेटतात.

मी पुढीलप्रमाणे करतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एक किमान बोली लावतो. त्याने यंत्रणा नीट चालते याची खात्री होते, आणि दुसरे कोणी बोली लावलीच नाही तर फ्लॅट त्या किमतीत मिळण्याची शक्यता राहते. काही सूचनांत पहिली बोली राखीव किमतीपेक्षा एका टप्प्याने जास्त असावी लागते, ते आधी वाचून ठेवा. त्यानंतर कोणी वर गेले तरी लगेच उत्तर देत नाही. घड्याळात तीन मिनिटे उरेपर्यंत थांबतो आणि मग एक टप्पा चढवतो. तीन मिनिटांत पुन्हा लॉगिन करता येते, चाळीस सेकंदांत येत नाही. मुदतवाढीतही प्रत्येक वेळी हीच शिस्त पाळतो. या थांबण्यामुळे किंमत कमी होईलच असे नाही, पण रागाच्या भरात आकडा टाकला जात नाही.

दोघेच उरले असतील, तर टप्प्यांची सम-विषम मोजणी कामी येते आणि ती फार थोडे जण करतात. तुमची शेवटची बोली ५२ लाख ७५ हजार आहे. प्रतिस्पर्धी ५१ लाख ७५ हजारांवर आहे. तुम्ही एकेक टप्पा चढलात तर तुमचे ५२ लाख, त्याचे ५२ लाख २५ हजार, तुमचे ५२ लाख ५० हजार आणि मग ५२ लाख ७५ हजारांवर तो जाऊन बसतो. तुमचा कमाल आकडा त्याच्या हाती गेला आणि पुढचा टप्पा तुमच्या मर्यादेबाहेर आहे. त्याऐवजी ५१ लाख ७५ हजारांनंतर एकदाच दोन टप्प्यांची उडी घेऊन ५२ लाख २५ हजार लावले, तर तो ५२ लाख ५० हजारांवर येतो आणि ५२ लाख ७५ हजार तुमच्या वाट्याला राहतात. म्हणून कमाल आकड्यापासून चार-पाच टप्पे उरले की कागदावर मोजून पाहा: एकेक टप्प्याने गेल्यास शेवटच्या पायरीवर कोण पोहोचतो? तिघे किंवा अधिक असतील तर हा हिशेब जुळेलच असे नाही.

इशारा: आकडा टाकल्यावर पडद्यावर तो अक्षरांत दिसतो तेव्हा मोठ्याने वाचा आणि मगच मान्य करा. एक शून्य जास्त पडले तरी नोंदलेली बोली मागे घेता येत नाही.

प्रतिस्पर्धी ५३ लाखांवर गेला, तर लॅपटॉप बंद करा. न जिंकलेल्याची इसारा रक्कम बिनव्याजी परत येते. आठवडाभरात आली नाही, तर यूटीआर क्रमांक देऊन शाखेत लेखी विचारणा करावी.

## टप्पा ८ : जिंकल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत

निकालाच्या पानाचा फोटो काढा आणि २५ टक्क्यांतील उरलेली रक्कम त्याच दिवशी भरून टाका. पुढच्या दिवसाची सवलत अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. त्यानंतर विक्री कायम झाल्याचे पत्र मागा, कारण पंधरा दिवस लिलावाच्या तारखेपासून नव्हे, तर विक्री कायम झाल्यापासून मोजले जातात आणि पत्रावरची तारीख हाच त्याचा पुरावा असतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर एक टक्का टीडीएस कापून आयकर खात्यात भरायचा असतो. आपल्या उदाहरणात ते ५२ हजार ७५० रुपये होतात. ही रक्कम बँकेला द्यायच्या पैशांतूनच कापली जाते, वर द्यावी लागत नाही. विक्रेता म्हणून कोणाचा पॅन टाकायचा, हे बँकेकडून लेखी घ्या, कारण मालकी कर्जदाराची आणि विक्री करणारी बँक, अशा या व्यवहारात चुकीचा पॅन पडला की दुरुस्तीत महिने जातात. चलनाची प्रत बँकेला दिली नाही, तर तिच्या हिशेबात तेवढे पैसे कमी दिसतात आणि प्रमाणपत्र अडते.

## टप्पा ९ : प्रमाणपत्र, नोंदणी आणि किल्ली

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. सहीपूर्वी त्याचा मसुदा मागून घ्या आणि नावांचे लेखन, फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक मूळ कराराशी अक्षरशः ताडून पाहा. मुद्रांक शुल्क भरून चार महिन्यांच्या आत नोंदणी करा. बँकेकडून मूळ करारांची साखळी, भाग दाखला आणि असतील तर जुन्या कराच्या पावत्या यादी करून, पोचसहीने ताब्यात घ्या.

सोसायटीत हस्तांतराचा अर्ज करताना थकबाकीचा तपशील महिनावार मागा आणि व्याजाचा दर तपासा. हस्तांतरण अधिमूल्याची (नाव बदलताना सोसायटी घेते त्या ट्रान्सफर प्रीमियमची) कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्याहून मोठी 'ऐच्छिक देणगी' मागितली गेली, तर मागणी लेखी द्यावी असे सांगा.

ताबा सांकेतिक असेल तर बँकेकडे कलम १४ च्या अर्जाचा पाठपुरावा दर पंधरवड्याला लेखी करत राहा. विक्री झाल्यानंतरही असा अर्ज बँकेला करता येतो, हे गोव्यातील एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आहे, त्यामुळे 'आता तुमचे तुम्ही पाहा' हे उत्तर स्वीकारू नका. आतल्या माणसांशी स्वतः वाद घालायला, त्यांची वीज किंवा पाणी तोडायला कधीही जाऊ नये. ताब्याच्या दिवशी पंचनामा होतो तेव्हा हजर राहा. कपाटे, पलंग, देवघर असे जे सामान आत असेल ते कर्जदाराचे आहे, तुम्ही विकत घेतलेले नाही. त्याची यादी व फोटो पंचनाम्याला जोडून घ्या आणि ते किती दिवसांत, कोण उचलणार हे त्याच कागदावर लिहून घ्या. ताबापावतीवर अधिकाऱ्याची सही, तारीख आणि किल्ल्यांची संख्या आली, की मीटरचे आकडे टिपून घ्या आणि त्याच दिवशी कुलूप बदला.